जुन्या पिस्तुलासाठी रिमफायर कन्व्हर्जन किट : कोल्हापुरातील नेमबाजांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात नेमबाजी शिकणारी मुले, त्यांचे पालक, शस्त्र परवानाधारक आणि सैन्यातून निवृत्त होऊन घरी परतलेले लोक एक प्रश्न वरचेवर विचारतात. परदेशात जुन्या लष्करी पिस्तुलावर .२२ चे, म्हणजे ०.२२ इंच व्यासाच्या लहान काडतुसाचे, किट बसवून स्वस्तात सराव करतात म्हणे, मग ते आपल्याकडे का करू नये? या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही, कारण त्यात यंत्राचा भाग आहे, कायद्याचा आहे आणि नेमबाजीच्या शिक्षणाचाही आहे. म्हणून वेगवेगळ्या निमित्ताने विचारल्या गेलेल्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

रिमफायर कन्व्हर्जन किट म्हणजे नेमके काय?

९ मि.मी. किंवा .४५ अशा मोठ्या काडतुसासाठी बनवलेल्या पिस्तुलाचा खालचा सांगाडा, म्हणजे मूठ, चाप आणि हॅमर (ठोका देणारा घोडा), आहे तसाच ठेवून वरचा भाग बदलण्याची जी कारखान्यात तयार केलेली जोडणी असते, तिला कन्व्हर्जन किट म्हणतात. त्यात साधारणपणे .२२ ची नळी, वेगळी स्लाइड (नळीवरचे मागे-पुढे सरकणारे आवरण), हलकी स्प्रिंग आणि वेगळे मॅगझिन (काडतुसांची पेटी) एवढ्या गोष्टी येतात. किट काढून मूळ स्लाइड परत चढवली की पिस्तूल पूर्ववत होते. मूठ तीच, चाप तोच आणि काडतूस मात्र लहान व स्वस्त, हा या सगळ्या खटाटोपाचा हेतू आहे.

रिमफायर आणि सेंटरफायर यांत फरक कोणता?

सेंटरफायर काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक स्वतंत्र प्रायमर (ठोक्याने पेटणारी छोटी टोपी) बसवलेला असतो आणि फायरिंग पिन (ठोका देणारी खीळ) त्यावर आदळते. रिमफायरमध्ये वेगळा प्रायमर नसतो. पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याच्या, बुडाला जी बाहेर आलेली कड असते, तिच्या पोकळीतच पेट घेणारे मिश्रण भरलेले असते, आणि फायरिंग पिन ती कड चेपते तेव्हा काडतूस पेटते. आज सर्वत्र चालणारे .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून वापरात आहे. त्याची गोळी साधारण २.६ ग्रॅम वजनाची असते, तर ९ मि.मी.ची नेहमीची गोळी साधारण ८ ग्रॅमची. पिस्तुलाच्या नळीतून सुटताना .२२ च्या गोळीत सुमारे १०० ज्यूल ऊर्जा असते, आणि ९ मि.मी.मध्ये ती ४५० ते ५०० ज्यूलपर्यंत जाते. पुढच्या बऱ्याच उत्तरांचे मूळ या आकड्यांत आहे.

मग नळी आणि मॅगझिन बदलले की काम भागत नाही का?

भागत नाही. ९ मि.मी.च्या बहुतेक लष्करी पिस्तुलांत गोळी सुटण्याच्या क्षणी नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेल्या असतात. दोन्ही थोडे अंतर एकत्र मागे जातात, मग नळीचा मागचा भाग खाली झुकतो, स्लाइड सुटी होते आणि रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते. जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेतून आलेली ही पद्धत मोठ्या दाबासाठी आहे. .२२ च्या काडतुसात तेवढा जोरच नसतो. जुन्या वाड्याचा सागवानी दरवाजा लहान मुलाने ढकलला तर जसा हलत नाही, तशी ती जड पोलादी स्लाइड .२२ च्या धक्क्याने पुरेशी मागे जात नाही.

म्हणून किटमध्ये नळी जागच्या जागी पक्की बसवतात आणि स्लाइड हलकी करतात. बहुतेक कंपन्या ती ॲल्युमिनियमची बनवतात, तर काही ठिकाणी स्लाइडचा फक्त मागचा भाग हलेल अशी रचना केलेली असते. येथे नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकत नाहीत. स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा दाब यांवरच काडतूस पुरेसा वेळ धरून ठेवले जाते. या पद्धतीला ब्लोबॅक म्हणतात. वजन आणि स्प्रिंग यांचा हा हिशेब अगदी नाजूक असतो, कारण स्लाइड जड झाली तर पुंगळी बाहेर पडत नाही आणि फार हलकी झाली तर दाब उतरायच्या आधीच पुंगळी नळीबाहेर सरकते. मूळ पिस्तुलाच्या कारखान्याने किंवा त्याच कामात मुरलेल्या कंपनीने बनवलेले किट आणि इतर कोणी बनवलेले किट यांत जो फरक पडतो, तो येथे पडतो.

ही कल्पना नवी आहे का?

नाही, ती शंभर वर्षांच्या आसपास जुनी आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जर्मनीतील एर्मा कंपनी लुगर पिस्तुलासाठी .२२ चे किट बनवत असे. अमेरिकेत कोल्ट कंपनीने १९३१ मध्ये अमेरिकी सैन्याच्या ‘१९११’ या .४५ पिस्तुलाच्या धर्तीवर ‘एस’ नावाचे .२२ चे स्वतंत्र पिस्तूल आणले, परंतु त्याचा धक्का इतका सौम्य होता की .४५ च्या सरावासाठी ते अपुरे वाटू लागले. मग डेव्हिड मार्शल विल्यम्स यांनी ‘फ्लोटिंग चेंबर’ ही युक्ती शोधली. काडतूस ज्या खोबणीत बसते ती खोबणीच थोडी मागे सरकते, वायूचा जोर मोठ्या पृष्ठभागावर पडतो आणि लहान काडतूसही दणका देते. या रचनेचे ‘सर्व्हिस एस’ पिस्तूल १९३७ मध्ये आले, आणि त्यानंतर लगेच साध्या .४५ पिस्तुलावर बसवण्याचे किटही बाजारात आले.

स्वित्झर्लंडच्या सैन्याने १९४९ मध्ये स्वीकारलेल्या सिग पी-२१० या पिस्तुलासाठी मूळ कंपनीनेच .२२ चे किट बनवले होते. जुन्या पिस्तुलांच्या जाणकारांमध्ये आजही त्याला मोठा मान आहे. चेक प्रजासत्ताकातील सीझेड ७५ या पिस्तुलासाठी त्याच कारखान्याने ‘काडेट’ नावाचे किट काढले. मी स्वतः चालवून पाहिले ते हेच, त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

‘सरप्लस’ पिस्तूल म्हणजे काय, आणि ते भारतात मिळते का?

सैन्य किंवा पोलीस दल नवे शस्त्र स्वीकारते तेव्हा जुनी शस्त्रे सेवेतून बाद होतात. अमेरिका, स्वित्झर्लंड, चेक प्रजासत्ताक अशा देशांत त्यांतील काही शस्त्रे तिथल्या नियमांनुसार नागरिकांना विकली जातात. अमेरिकी सैन्याची ‘१९११’ मॉडेलची जुनी पिस्तुले २०१८ पासून तिथल्या नागरी नेमबाजी कार्यक्रमामार्फत अशीच विकली जाऊ लागली. आपल्याकडे सैन्याची बाद पिस्तुले सर्वसामान्य परवानाधारकाला अशी खुल्या बाजारात मिळत नाहीत. शिवाय जी पिस्तुले सैन्याची ९ मि.मी. किंवा .४५ ची काडतुसे, अथवा .३८० आणि .४५५ ची बुडाला कड असलेली काडतुसे चालवू शकतात, ती शस्त्र नियम, २०१६ नुसार सामान्य परवान्याच्या आवाक्याबाहेरच्या प्रतिबंधित वर्गात येतात. म्हणूनच आपल्या भागातील परवान्यांवर .३२ बोअर (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचा व्यास) जास्त दिसतो.

कोल्हापुरातील परवानाधारकाने असे किट मागवले तर चालेल का?

आपल्या परवान्यावर तशी परवानगी नसेल तर चालणार नाही. शस्त्र कायदा, १९५९ मध्ये शस्त्राची व्याख्या करताना शस्त्राचे भागही तिच्यात धरले आहेत. नळी आणि स्लाइड ही यंत्राची सुटी सामग्री आहे, ती कुरिअरने आली तर काय बिघडले, असे अनेकांना वाटते, परंतु कायद्याच्या दृष्टीने ते शस्त्रच आहे. परवान्यावर विशिष्ट शस्त्र, त्याचा क्रमांक आणि बोअर नोंदलेला असतो. त्या शस्त्रावर दुसऱ्या बोअरची नळी चढवली की नोंद आणि वस्तुस्थिती यांचा मेळ राहत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने दोन गोष्टी आणखी कडक झाल्या. पूर्वी एका व्यक्तीला तीन शस्त्रे बाळगता येत, ती मर्यादा आता दोनवर आली. तसेच नियमांतील एका वर्गाचे शस्त्र परवान्याशिवाय दुसऱ्या वर्गात बदलणे हे कलम ६ मध्ये स्पष्ट शब्दांत आणले गेले.

मान्यताप्राप्त नेमबाजांना स्पर्धेच्या शस्त्रांची आयात करण्याची सोय आहे आणि ती राष्ट्रीय रायफल संघटनेच्या शिफारशीने, ठरलेल्या कागदपत्रांसह होते. ज्या नेमबाजाला हा मार्ग खुला आहे, त्याने किटच्या मागे लागण्यापेक्षा सरळ .२२ चे स्पर्धेचे पिस्तूल घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. कोल्हापूर शहरात पोलीस आयुक्तालय नसल्यामुळे परवान्याचे प्रकरण जिल्हाधिकारी कार्यालयात चालते आणि पोलीस ठाण्याचा अहवाल त्यात मागवला जातो. कोणताही बदल करण्यापूर्वी तेथे लेखी अर्ज करून लेखी उत्तर घ्यावे. एखाद्या ओळखीच्या माणसाने तोंडी दिलेल्या ‘काही होत नाही’ या भरवशावर एक पाऊलही टाकू नये.

उद्यमनगरात इतकी अचूक कामे होतात, तिथे नळी करून घेतली तर?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि विचारणारी माणसे बहुधा सरळमार्गी असतात. शिवाजी उद्यमनगरातील कारागिरांचा आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्त आहे. ऑइल इंजिनापासून मोटारीच्या सुट्या भागांपर्यंत येथे काय बनत नाही? मायक्रॉनमध्ये माप राखणारी माणसे येथे गल्लोगल्ली आहेत. त्यामुळे ‘एवढीशी नळी आणि एक स्लाइड, त्यात काय अवघड’ असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे.

परंतु परवान्याशिवाय शस्त्र किंवा त्याचा भाग बनवणे, त्यात बदल करणे, इतकेच काय त्याची दुरुस्ती किंवा चाचणी करणे, हे सर्व कायद्याच्या कलम ५ खाली येते. त्याच्या भंगाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची आणि जास्तीत जास्त जन्मठेपेची शिक्षा आहे. येथे कारखान्याचा मालक, लेथवर काम करणारा पोरगा आणि काम घेऊन येणारा परवानाधारक असे तिघेही अडकतात. आपल्या हौसेपायी महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या कामगाराला अशा गुन्ह्यात ओढणे हे मला कायद्याच्याही आधी माणुसकीच्या दृष्टीने गैर वाटते.

दुसरी बाजू यंत्राची. शस्त्राच्या नळीची कारखान्यात जास्त दाबाच्या काडतुसांनी चाचणी होते आणि मगच तिच्यावर शिक्का बसतो. पोलादाची जात, उष्णता-प्रक्रिया, काडतूस बसण्याच्या जागेची खोली आणि स्लाइडचे वजन यांपैकी एक गोष्ट चुकली तरी पुंगळी हाताशी फुटू शकते. .२२ लहान आहे म्हणून निरुपद्रवी आहे, हा समज अत्यंत चुकीचा आहे. तिचाही कमाल दाब दर चौरस इंचाला २४,००० पाउंडांपर्यंत जातो.

आपण हे किट कोठे चालवून पाहिले? अनुभव कसा होता?

कामानिमित्त चेक प्रजासत्ताकात जाणे झाले तेव्हा तेथील एका नेमबाजी क्लबाने पाहुणा म्हणून प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली रेंजवर घेतले. पिस्तूल होते पोलीस सेवेतून बाद झालेले सीझेड ७५. म्यानात घालून-काढून त्याच्या स्लाइडच्या कडांवरचा काळा रंग उडाला होता, आणि मुठीच्या पट्ट्या इतक्या गुळगुळीत झाल्या होत्या की घामेजलेला तळहात त्यांवरून सरकत होता. प्रशिक्षकाने मूळ स्लाइड उतरवून किट चढवले. या कामाला हत्यार लागले नाही.

काडेट किटची एक खुबी हातात घेतल्यावरच नीट कळते. तिच्यात वरचा सगळा भाग मागे-पुढे होत नाही. नळी, तिच्याभोवतीचे आवरण आणि दोन्ही साइट (नेम धरण्याच्या पुढच्या-मागच्या खुणा) जागच्या जागी राहतात, आणि मागच्या बाजूचा लहान पोलादी ठोकळा तेवढा मागे जाऊन परत येतो. त्यामुळे गोळी सुटली तरी पुढची साइट मागच्या खाचेतून फारशी हलत नाही आणि नेमबाजाला आपली चूक डोळ्यांदेखत दिसते. चाप ओढताना मनगट किंचित खाली दाबले गेले की साइट खाली गेलेली दिसते. ९ मि.मी.मध्ये हीच चूक धक्क्याच्या आड दडून राहते. माझ्या मते या किटची खरी किंमत या एका गोष्टीत आहे, काडतुसाच्या बचतीत नाही.

मूळ स्लाइड परत चढवून लगेच ९ मि.मी. चालवली तेव्हा पहिल्या काही गोळ्या चांगल्या लागल्या, कारण हात अजून .२२ च्या शिस्तीत होता. नंतर हळूहळू धक्क्याची वाट पाहत हात आधीच दाबण्याची जुनी सवय डोकावू लागली. प्रशिक्षकाने काही न बोलता पुन्हा किट चढवले.

किटची चाचणी कशी घ्यावी?

ज्या देशात आणि ज्या रेंजवर हे कायदेशीर आहे, तेथील प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच घ्यावी, हे गृहीत धरून पुढचे लिहीत आहे. प्रथम कागदावर नोंद करावी : कोणते काडतूस, किती अंतर, कोणती साइट. हाताने चालवण्यापूर्वी वाळूच्या पिशवीवर टेकवून २५ मीटरवर पाच-पाच गोळ्यांचे गट घ्यावेत. साइट लगेच फिरवू नये, कारण आधी गट किती आवळतो हे पाहायचे असते आणि तो कुठे पडतो ही नंतरची गोष्ट असते. २५ मीटर पिस्तुलाच्या अचूकतेच्या टप्प्यातील लक्ष्यावर दहाचे वर्तुळ ५० मि.मी. व्यासाचे असते. टेकवून घेतलेला गट त्या मापात बसला तर पिस्तुलाने आपले काम केले असे समजावे. त्यानंतर हाताने नेम चुकला आणि दोष किटला दिला, तर ते नाचता येईना अंगण वाकडे असे होईल.

काडतुसे निदान तीन-चार जातींची वापरून पाहावीत. काही किटांना सामान्य वेगाचे काडतूस मानवते, काहींना जास्त वेगाचेच लागते, आणि एकाच कंपनीच्या दोन किटांची आवडही वेगळी निघू शकते. मॅगझिनमधील शेवटच्या गोळीनंतर स्लाइड उघडी राहते का, हेही पाहावे. काही किटांत ती राहत नाही, आणि अशा वेळी पिस्तूल रिकामे आहे असे मानणे धोक्याचे असते. डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी.

गोळी सुटलीच नाही तर?

रिमफायरमध्ये असे सेंटरफायरपेक्षा जास्त वेळा घडते, कारण कडेच्या पोकळीत मिश्रण सगळीकडे सारखे पसरलेले असेलच असे नाही. नळी लक्ष्याच्या दिशेनेच धरून तीस सेकंद थांबावे, कारण काडतूस उशिरा पेटू शकते. त्यानंतर मॅगझिन काढावे आणि काडतूस बाहेर काढावे. आवाज नेहमीपेक्षा दबका किंवा विचित्र आला, तर दुसरी गोळी कोणत्याही परिस्थितीत चालवू नये. पहिली गोळी नळीतच अडकलेली असू शकते. रेंज अधिकाऱ्याला हात वर करून सांगावे. थांबल्याने स्पर्धेतील वेळ वाया गेला तरी चालेल.

रिकाम्या पिस्तुलाने चाप ओढण्याचा सराव किटवर करता येतो का?

बहुतेक रिमफायर शस्त्रांत तो टाळावा. काडतूस नसताना फायरिंग पिन नळीच्या कडेवर आदळू शकते आणि तेथे खड्डा पडतो. मग पुंगळी अडकू लागते. हा सराव मूळ स्लाइडवर, निर्मात्याच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर करावा.

.२२ चा आवाज कमी असतो. कानाला संरक्षण लागते का?

लागते. पिस्तुलाची नळी आखूड असल्यामुळे .२२ चा आवाजही १४० डेसिबलच्या वर जातो आणि कानाची हानी भरून येत नाही. डोळ्यांना चष्माही तितकाच आवश्यक आहे, कारण ब्लोबॅक रचनेत मागच्या बाजूने बारीक कण उडतात.

स्वच्छता कशी ठेवावी? आपल्या पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

.२२ ची गोळी बहुधा उघड्या शिशाची असते आणि तिच्यावर मेणाचा किंवा वंगणाचा थर असतो. मॅगझिन भरताना बोटांना जो काळपट चिकट थर लागतो तो याचाच. हा थर स्लाइडच्या खोबणीत आणि पुंगळी ओढणाऱ्या आकड्याखाली साचतो आणि ब्लोबॅक रचना त्यामुळे अडखळू लागते. म्हणून .२२ चे शस्त्र सेंटरफायरपेक्षा जास्त वेळा पुसावे लागते, परंतु नळीत ब्रश मात्र जपून आणि शक्यतो मागच्या बाजूने घालावा.

शिसे पोटात जाऊ नये यासाठी रेंजवरून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काहीही खाऊ नये. लहान मुलांच्या बाबतीत याला अपवाद नाही. रेंजवरचे कपडे घरच्या इतर कपड्यांबरोबर धुवू नयेत.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर हवेत एवढा ओलावा असतो की कपाटातल्या पोलादावरही गंज धरतो. स्पंजाच्या पेटीत शस्त्र महिनोन्‌महिने ठेवू नये, कारण स्पंज ओलावा धरून ठेवतो. तेलाचा पातळ हात फिरवावा, सिलिका जेलच्या पिशव्या ठेवाव्यात आणि आठवड्याने एकदा उघडून पाहावे. हवेवर चालणाऱ्या पिस्तुलालाही हे लागू आहे.

किट बसवलेले पिस्तूल आंतरराष्ट्रीय नियमांच्या स्पर्धेत चालेल का?

मापात बसले तर तत्त्वतः अडचण नाही. २५ मीटरच्या .२२ पिस्तुलासाठी वजन जास्तीत जास्त १,४०० ग्रॅम, चापाचे वजन (तो ओढायला लागणारा जोर) कमीत कमी १,००० ग्रॅम, नळी जास्तीत जास्त १५३ मि.मी. आणि संपूर्ण पिस्तूल ३०० × १५० × ५० मि.मी.च्या पेटीत मावले पाहिजे. सीझेडसारखे पिस्तूल या मापांत बसते. प्रत्यक्षात मात्र ते स्पर्धेच्या पिस्तुलापुढे टिकत नाही. पार्डिनी किंवा वाल्थर या कंपन्यांच्या स्पर्धेच्या पिस्तुलांत नळी हाताच्या अगदी जवळ, खाली असते, मूठ तळहाताला साजेल अशी कोरलेली असते आणि चाप न अडखळता स्वच्छ सुटतो. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात दुसऱ्या टप्प्यात लक्ष्य तीन सेकंद समोर येते आणि सात सेकंद वळलेले राहते. त्या तीन सेकंदांत हात खालून वर आणून गोळी सोडायची असते. तेथे लष्करी मूठ आणि लष्करी चाप यांची मर्यादा लगेच उघडी पडते.

मग किटने काय शिकता येते आणि काय नाही?

मूठ पकडणे, साइट जुळवणे, चाप सरळ मागे ओढणे, गोळी सुटल्यावरही नजर न हलवणे, ही नेमबाजीची मुळाक्षरे त्याने पक्की होतात. धक्का सांभाळणे, दुसरी गोळी लवकर सोडणे आणि ९ मि.मी.च्या आवाजात मन शांत ठेवणे हे त्याने शिकता येत नाही. लष्करातून किंवा पोलिसांतून आलेल्या व्यक्तीला, जिची मुळाक्षरे बिघडली आहेत पण धक्क्याची भीती गेलेली आहे, किटचा सर्वाधिक फायदा होतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याला त्याची गरज नाही.

माझी मुलगी बारावीत आहे आणि तिला पिस्तूल शिकायचे आहे. सुरुवात कशी करावी?

दहा मीटरच्या एअर पिस्तुलाने. ४.५ मि.मी. बोअरच्या, ठरलेल्या ऊर्जेच्या आतील हवेच्या शस्त्राला शस्त्र परवाना लागत नाही आणि किटविषयी वर सांगितलेली सर्व मुळाक्षरे त्यावर शिकता येतात. दुधाळीच्या रेंजवर किंवा विभागीय क्रीडा संकुलात प्रत्यक्ष जाऊन प्रशिक्षकांना भेटावे आणि पहिले काही महिने स्वतःचे शस्त्र घेण्याची घाई करू नये. .२२ कडे वळण्याचा निर्णय प्रशिक्षकावर सोपवावा. एकवीस वर्षांखालील नेमबाजाला ते नियमांनुसार, देखरेखीखालीच हाताळता येते.

या शहराचा या खेळावर हक्क आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन (पालथे पडून) रायफलमध्ये विश्वविजेतेपद मिळवले. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक जिंकले, आणि तो प्रकार नेमका .२२ रिमफायरचाच आहे. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलचे कांस्यपदक आणले. यांपैकी कोणाचाही मार्ग जुन्या पिस्तुलाच्या किटमधून गेलेला नाही. तो रोजच्या रेंजवरून गेला आहे.

आजोबांचे जुने पिस्तूल घरात आहे. त्यावर किट बसवता येईल का?

सैनिक टाकळीसारख्या गावांतून आणि शहरातील जुन्या घराण्यांतून हा प्रश्न येतो. परवानाधारकाचे निधन झाल्यावर शस्त्र घरात ठेवून देता येत नाही. ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी आणि वारसाने स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करावा. त्याआधी किटचा विचार करण्याचे कारण नाही. आणि परवाना मिळाला, तरी एवढ्या वर्षांच्या नळीतून एखाद्या जाणकार परवानाधारक आर्मररने (शस्त्रे तपासणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराने) पाहिल्याशिवाय कोणतीही गोळी सोडू नये.

परदेशातून येताना किट बॅगेत आणले तर सीमाशुल्क भरून सोडतील का?

सोडणार नाहीत. परवानगीशिवाय आणलेला शस्त्राचा भाग जप्त होतो आणि गुन्हा दाखल होऊ शकतो. त्याहून सहज घडणारी गोष्ट वेगळी आहे. रेंजवर खिशात किंवा बॅगेच्या कप्प्यात राहून गेलेले एखादे जिवंत काडतूस विमानतळाच्या तपासणीत सापडते आणि माणूस विमानाऐवजी पोलीस ठाण्यात पोहोचतो. .२२ चे काडतूस करंगळीच्या पेराएवढेच असल्यामुळे ते अस्तरात सहज लपते. रेंजवर नेलेली बॅग आणि जाकीट विमानप्रवासाला वापरू नये. तसे करणे भागच असेल तर निघण्यापूर्वी प्रत्येक कप्पा उलटा करून झाडावा आणि तो दुसऱ्या माणसाकडून पुन्हा तपासून घ्यावा.